बागुलबुवा उभा करणाऱ्यांचा अधिकार

एम. नाइट श्यामलन यांचा ‘द व्हिलेज’ हा रहस्यपट जुलै २००४ च्या अखेरीस अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याला वीस वर्षे उलटून गेली, तरी त्याच्यावरचा वाद अजून एकाच मुद्द्यावर अडलेला आहे: शेवटची कलाटणी ही प्रेक्षकाची फसवणूक की दिग्दर्शकाची करामत? एका बाजूचे लोक म्हणतात, आम्ही हे रहस्य मध्यंतरापूर्वीच ओळखले होते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, तुम्हांला चित्रपट कळलाच नाही, ते भीतीच्या जोरावर राज्य करणाऱ्या तेव्हाच्या अमेरिकी सरकारवरचे रूपक आहे. दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात आणि दोघांच्याही हातून चित्रपटाने विचारलेला प्रश्न निसटतो. जगाने होरपळलेल्या माणसांना आपल्या मुलांपुरते ते जग पुसून टाकण्याचा अधिकार असतो का, हा तो प्रश्न आहे. माझे मत असे की, जगापासून दूर जाण्याचा अधिकार प्रत्येक दुःखी माणसाला आहे. पण आपण दूर आलो आहोत, ही गोष्टच पुढच्या पिढीपासून लपवण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग त्यामागचे प्रेम कितीही निर्मळ असो. चित्रपटाचा शेवट सांगितल्याशिवाय हे मांडता येणार नाही, म्हणून तो मी इथे उघडपणे सांगणार आहे.

कव्हिंग्टन नावाचे हे छोटे गाव अरण्याने वेढलेले आहे. अरण्यात राहणाऱ्या भयंकर प्राण्यांचे नाव घ्यायचे नाही, त्यांना खुणावणारा लाल रंग गावात दिसू द्यायचा नाही, वेशीजवळ पिवळा झगा घालायचा आणि वेस कधीही ओलांडायची नाही, असा तिथला रिवाज. थडग्यावर साल कोरलेले आहे १८९७. ल्युशस हंट हा अबोल तरुण शहरातून औषधे आणण्याची परवानगी वडीलधाऱ्यांच्या सभेकडे मागतो; ती नाकारली जाते. पुढे नोआ नावाचा, बुद्धीने लहान राहिलेला तरुण मत्सरापोटी ल्युशसला भोसकतो आणि ल्युशसची वाग्दत्त वधू, अंध आयव्ही वॉकर, औषधासाठी गावाबाहेर पडते. मग दोन गोष्टी उलगडतात. ते प्राणी म्हणजे वडीलधाऱ्यांनीच पोशाख चढवून उभा केलेला बागुलबुवा आहे, ही पहिली. दुसरी म्हणजे साल १८९७ नाहीच. कुंपणापलीकडे डांबरी रस्ता आहे, त्यावर अभयारण्याच्या पहारेकऱ्याची गाडी फिरते आहे, आणि हे गाव १९७० च्या दशकात, आप्तांच्या मृत्यूनंतर समुपदेशनाला येणाऱ्या गटात भेटलेल्या काही माणसांनी वसवले आहे. त्यांचा पुढारी, आयव्हीचा बाप एडवर्ड वॉकर, हा विद्यापीठात अमेरिकेचा इतिहास शिकवणारा प्राध्यापक होता.

आधी पहिल्या बाजूचे म्हणणे घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. हा चित्रपट भयपट म्हणून विकला गेला, आणि प्राणी पाहायला आलेल्या प्रेक्षकाच्या पदरात शोकाविषयीची एक संथ गोष्ट पडली. अमेरिकेत दुसऱ्या आठवडाअखेरीस त्याची कमाई सुमारे दोन तृतीयांशाने घसरली. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकाने त्याला एकच तारा दिला. संवाद अवजड आहेत, पहिले रहस्य फुटल्यावर अरण्याचा धाक ओसरतो आणि त्यानंतरचा प्रवास लांबतो, हेही मान्य केले पाहिजे. ‘द सिक्स्थ सेन्स’ नंतर पहिल्या मिनिटापासून कलाटणी शोधत बसण्याची सवय प्रेक्षकाला लागली होती, आणि ती श्यामलन यांनीच लावली होती. पण ‘मी आधीच ओळखले’ हा आक्षेप कोड्याला लागू पडतो, गोष्टीला नाही. आधी घडून गेलेल्या दृश्यांचा अर्थ कलाटणीमुळे बदलतो की नाही, ही तिची खरी कसोटी आहे, आणि त्या कसोटीवर हा चित्रपट माझ्या मते पुरेपूर उतरतो.

चित्रपटाची सुरुवात एका अंत्यविधीने होते. ऑगस्ट निकल्सनचा लहानगा मुलगा डॅनियल वारला आहे आणि बाप शवपेटीला बिलगून ओक्साबोक्शी रडतो आहे. पहिल्यांदा पाहताना हा दैवाचा घाला वाटतो. एकोणिसाव्या शतकात मुले अशी जातच असत, असे आपण मनाशी म्हणतो. शेवट कळल्यावर हेच दृश्य पुन्हा पाहावे. ऑगस्ट हा वडीलधाऱ्यांपैकी एक आहे. त्याला खरे साल माहीत आहे. प्रतिजैविके, रुग्णवाहिका, मुलांचे डॉक्टर हे सगळे कुंपणापलीकडे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तरीही पोटचा गोळा डोळ्यांदेखत जात असताना बाहेरच्या जगात परत न जाण्याची घेतलेली शपथ त्याने मोडली नाही. डॅनियलला नेमके काय झाले होते, हे चित्रपट सांगत नाही. कदाचित औषधानेही तो वाचला नसता. परंतु प्रयत्न करायचा नाही, हा निर्णय बापाने जाणूनबुजून घेतला होता, आणि ते रडणे त्या निर्णयासकट आहे. पुढे हाच ऑगस्ट ल्युशसला सांगतो की, दुःखापासून पळून गेले तरी ते माग काढत येतेच. हे सांगणारा माणूस मुलाला मूठमाती देऊन आलेला आहे आणि आपण काय केले हे त्याला पुरते उमगले आहे, एवढे लक्षात आले की रहस्य कधी ओळखले याला काय महत्त्व उरते?

आता रूपकवाल्यांचे म्हणणे. तेही निराधार नाही. मार्च २००२ मध्ये अमेरिकी सरकारने दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याची पातळी सांगणारी पाच रंगांची पट्टी जाहीर केली; तळाशी हिरवा, मध्ये पिवळा आणि सर्वांत भयंकर तो लाल. ही पट्टी २०११ पर्यंत वापरात होती. चित्रपट आला तेव्हा इराकवरच्या स्वारीला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, आणि ज्या संहारक शस्त्रांच्या नावाने ती स्वारी झाली, ती सापडलेली नव्हती. अशा वेळी लाल-पिवळ्या रंगांच्या भीतीवर चाललेले गाव पाहून कोणाला वॉशिंग्टन आठवले, तर नवल नाही. तरीही हा अर्थ मला अपुरा वाटतो, कारण तो गोष्टीला सोपे करून टाकतो. राज्यकर्ता भीती पसरवतो तेव्हा त्याला निवडणूक जिंकायची असते, विरोधकाचे तोंड बंद करायचे असते. कव्हिंग्टनच्या वडीलधाऱ्यांना यातले काहीच नको आहे. त्यांना लबाड राज्यकर्त्यांच्या रांगेत बसवले की त्यांच्या दुःखाकडे पाहण्याची गरजच उरत नाही, आणि भीती घालणारा नेहमी कोणी दूरचा, दुष्ट माणूस असतो, असे समाधान आपल्याला मिळते. चित्रपट याच्या नेमके उलट सांगतो. इथे भीती घालणारी माणसे आईबाप आहेत.

त्या आईबापांची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवी. प्रत्येक वडीलधाऱ्याच्या घरात एक कुलूपबंद काळी पेटी आहे आणि तिच्यात जुने फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणे जपून ठेवलेली आहेत. ल्युशसची आई ॲलिस हिचा नवरा एका सकाळी दुकानात सामान आणायला म्हणून गेला आणि तीन दिवसांनी न्यू यॉर्कच्या ईस्ट नदीत त्याचे प्रेत सापडले. एकीच्या तरुण बहिणीवर बलात्कार करून तिला मारण्यात आले आणि प्रेत कचऱ्याच्या पेटीत कोंबण्यात आले. एकाचा भाऊ इस्पितळात जखमी व्यसनी माणसाची मलमपट्टी करत होता. त्या माणसानेच त्याला गोळी घातली. खुद्द एडवर्डच्या धनाढ्य वडिलांना त्यांच्या भागीदाराने झोपेत ठार केले. यात काही अतिशयोक्ती नाही. १९७० च्या दशकात एकट्या न्यू यॉर्क शहरात बहुतेक वर्षी दीड हजारांहून अधिक खून होत होते. ज्यांच्या घरात असे मरण येऊन गेले, त्यांनी आपल्या मुलांना यातले काही दिसू नये असे ठरवले, तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? शिवाय त्यांनी वसवलेले गाव खरोखर सुंदर आहे. तिथे पैसा नाही, चोरी नाही, लांब मेजाभोवती सारे गाव एकत्र जेवते, लग्नात सगळे नाचतात. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी त्या गावाला दिलेला उजेड आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या संगीतातले हिलरी हान यांचे व्हायोलिन यांमुळे ते गाव आपल्यालाही हवेसे वाटते. चित्रपटाने हा मोह प्रामाणिकपणे निर्माण केला आहे, आणि तो मोह ज्याला झाला नाही, त्याला पुढचा प्रश्न नीट भिडणारही नाही.

पण त्या पेट्यांकडेच पुन्हा पाहू. ॲलिस मुलाला सांगते की भूतकाळातले वाईट विसरले जाऊ नये म्हणून पेटी जवळ ठेवायची. म्हणजे आपल्याला विसर पडता कामा नये, याची तिला जाण आहे. मुलाला मात्र ती पेटी उघडू देत नाही. वडीलधाऱ्यांकडे आठवण आहे आणि तिच्यातून आलेली भीती आहे. मुलांकडे फक्त भीती आहे, तीही भलत्याच वस्तूची. ज्या भीतीचे कारण ठाऊक असते, ती तोलून पाहता येते: धोका किती, सावधगिरी किती, जोखीम केव्हा घ्यावी. बागुलबुवाच्या भीतीला असे माप लावता येत नाही. ती एक तर पूर्ण पाळायची असते किंवा पूर्ण मोडायची असते.

यावर एक नेहमीचा प्रतिवाद येतो की, प्रत्येक आईबाप मुलांपासून काही ना काही लपवतातच, आणि प्रत्येक समाज मुलांना आपल्या चौकटीत वाढवतो. हे खरे आहे, आणि याच प्रश्नाचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७२ मध्ये करावा लागला होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या, आधुनिक साधनांपासून दूर राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या काही पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचे नाकारले. कायद्याने सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती, म्हणून त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. न्यायालयाने निकाल पालकांच्या बाजूने दिला. आमिश जीवनपद्धती टिकवण्याचा त्यांचा हक्क राज्याच्या सक्तीपेक्षा वरचढ मानला. हा निकाल मला कव्हिंग्टनच्या बाजूचा सर्वांत बळकट आधार वाटतो. मात्र त्याच खटल्यात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः भिन्न मत नोंदवले. पालकांचे म्हणणे ऐकले, पण ज्यांचे आयुष्य ठरते आहे त्या मुलांचे काय, असा त्यांचा मुद्दा होता. साक्ष झाली होती ती एकाच मुलीची. दुसरे असे की, आमिश मुलाला पलीकडचे जग माहीत असते. बाजारात, रस्त्यावर त्याला मोटारी दिसतात. पंथाचा बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घ्यायचा असतो, आणि न घेणारे घेत नाहीत. सामान्य आईबापांच्या लपवण्यालाही मुदत असते. मूल मोठे झाले की त्याला खरे सांगितले जाते. कव्हिंग्टनमध्ये ही मुदत कधीच संपत नाही. ल्युशस लग्नाच्या वयाचा झाला तरी पेटी बंदच आहे.

दुसरा प्रतिवाद याहून गंभीर आहे. बाहेरच्या जगाची भीती प्रत्येक वेळी खोटी असते काय? अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावरचे लोक परक्याला किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत, आणि भारत सरकारही तिथे कोणाला जाऊ देत नाही. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या बेटावरून एक वयस्क जोडपे आणि चार मुले पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. जोडपे आजारी पडून मेले आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. बाहेरच्या रोगांशी त्यांच्या शरीराची ओळख नाही, हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे एकटे राहणे शहाणपणाचे आहे आणि ते मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मी विनाअट मान्य करतो. पण हे उदाहरण कव्हिंग्टनच्या कामी येत नाही. सेंटिनली माणसाला खरीखुरी नाव दिसते, खरा परका माणूस दिसतो. तिथे वडीलधाऱ्यांनी रात्री पोशाख घालून मुलांना घाबरवावे लागत नाही. एकटे राहणे आणि फसवून एकटे ठेवणे यांत गल्लत करूनच या चित्रपटाचे पुष्कळ समर्थक वडीलधाऱ्यांना निर्दोष सोडतात.

ही गल्लत दूर करायला इंग्लंडमधल्या ईअम गावाचा इतिहास फार उपयोगी आहे. डर्बीशायरमधल्या या गावात १६६५ च्या शरदात प्लेग शिरला. पुढच्या वर्षी जूनमध्ये गावाचा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, भिन्न मताचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली या दोघांनी मिळून गावकऱ्यांना वेस न ओलांडण्याची विनंती केली. सीमेवर धान्य ठेवले जाई आणि तिथल्या दगडांच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात मोबदल्याची नाणी टाकली जात, म्हणजे रोग नाण्यांबरोबर बाहेर जाऊ नये. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. मॉम्पेसनची पत्नीही गेली. हे प्रकरण डागविरहित नाही. मॉम्पेसनने आपली मुले आधीच यॉर्कशायरला पाठवली होती आणि बाकीच्यांच्या मुलांना तो मार्ग मिळाला नाही. पण गावाला खोटे कारण कोणी सांगितले नव्हते. वेशीच्या आत काय आहे आणि बाहेर काय आहे, हे सर्वांना माहीत होते. म्हणून त्या गावाचे थांबणे हा त्याग ठरतो. कव्हिंग्टनच्या तरुणांनी कशाचाही त्याग केलेला नाही, कारण त्यांच्यासमोर सोडण्यासारखे काही ठेवलेच गेले नव्हते.

फसवणुकीचा आणखी एक दोष असा की, जिच्या रक्षणासाठी ती केली जाते तिलाच ती संकटात टाकते. आयव्ही निघते तेव्हा तिच्यासोबत दोन तरुण दिले जातात. त्यांना पोशाखांचे गुपित सांगितलेले नाही. एक वेशीजवळूनच परत फिरतो, दुसरा रात्रीनंतर धीर सोडतो, आणि आंधळी मुलगी अरण्यात एकटी पडते. ती माघार त्या दोघांच्या भित्रेपणाची नव्हे, लहानपणापासून मिळालेल्या शिकवणीची आहे. नोआला कोंडलेल्या खोलीत फळ्यांखाली त्यातलाच एक पोशाख लपवलेला असतो; तो घालून तो आयव्हीच्या मागे जातो आणि खड्ड्यात पडून मरतो. हेच देशाच्या प्रमाणावर पाहायचे असेल, तर कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या अल्बानियाकडे पाहावे. न आलेल्या शत्रूसाठी त्याने दीड लाखाहून अधिक काँक्रीटचे बंकर बांधून घेतले आणि देश सोडणे हा देशद्रोह ठरवला. राजवट ढासळली तेव्हा, ऑगस्ट १९९१ मध्ये, व्हलोरा या एकाच जहाजावर दाटीवाटीने सुमारे वीस हजार माणसे समुद्रापलीकडे इटलीत जाऊन पोहोचली.

कव्हिंग्टनच्या निरागसतेचा हिशेबही मांडला पाहिजे. पैशाने माणूस बिघडतो, म्हणून त्या गावात पैसा नाही. पण त्या गावाभोवतीचे कुंपण, त्यावरचे पहारेकरी आणि वरून विमाने जाऊ नयेत म्हणून केलेली सरकारी व्यवस्था, हे सारे एडवर्डच्या वडिलांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून चालते. ज्याच्यामुळे बापाचा खून झाला, त्याच पैशाच्या पहाऱ्यात हे पैशाविना जगणारे गाव उभे आहे. मुलांना वाटते, आपण साधे जगतो. त्या साधेपणाची किंमत कोण भरते, हे त्यांना माहीत नाही, म्हणून तो साधेपणा त्यांनी निवडला असे म्हणता येत नाही.

एडवर्डने अखेरीस शपथ मोडली आणि मुलीला पाठवले, याचे श्रेय त्याला देणारे पुष्कळ आहेत. मीही देतो. ज्या गोष्टीला ऑगस्टचे मन धजले नाही, ती त्याने केली. निर्दोष तरुणाला मरू दिले, तर या गावाला कसला अर्थ उरतो, हा त्याचा सवाल चित्रपटातला सर्वांत उदात्त क्षण आहे. तरी त्याने काय सांगितले आणि काय राखून ठेवले, ते बारकाईने पाहावे. आयव्हीला तो कोठारात नेतो, पोशाखांना हात लावू देतो आणि प्राणी खोटे असल्याचे सांगतो. त्याच वेळी अशा प्राण्यांच्या कथा या भागात पूर्वी होत्या, असेही तो बोलून जातो, आणि अरण्यात नोआ समोर येतो तेव्हा तिच्या मनात उरलेली शंका तिथूनच आलेली असते. सालाबद्दलचे दुसरे खोटे तो उघडच करत नाही. डोळ्यांनी पाहू शकणारी व्यक्ती पाठवली असती तर ते उघड झालेच असते. आयव्ही सर्वांत धीट म्हणून जाते, हे खरे. पण तिला दिसत नाही, हे एडवर्डला सोयीचे होते, हेही तितकेच खरे.

आणि तरीही ती काहीतरी घेऊन येते, जे वडीलधाऱ्यांनी मोजलेले नव्हते. कुंपणावरून उतरल्यावर भेटलेल्या पहारेकऱ्याला ती सांगते की तुझ्या आवाजात माया आहे, मला याची अपेक्षा नव्हती. शहरे दुष्टांनी भरलेली आहेत, या शिकवणीवर तिथे भेटलेल्या पहिल्याच माणसाने पाणी फिरवले. तो कोणी संत नव्हता. पगारावर गस्त घालणारा तरुण होता, आणि त्याने काही न मागता तिच्या हातात औषधे ठेवली. इकडे ल्युशसच्या अंथरुणाभोवती वडीलधारे जमलेले असतात. नोआच्या मृत्यूमुळे आपल्या कथा खऱ्या ठरल्या, तुमची इच्छा असेल तर हे गाव असेच चालू ठेवता येईल, असे एडवर्ड म्हणतो, आणि एकेक जण संमती म्हणून उभा राहतो. गावाचे भवितव्य या मुलांच्याच हाती आहे, असे थोड्या वेळापूर्वी याच एडवर्डने त्यांना बजावलेले असते. आयव्ही दारात येते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. गावातल्या ज्या एका मुलीने बाहेरचे जग स्वतः अनुभवले होते, तिची साक्ष काढण्याइतका वेळही ते थांबले नाहीत.